दोन कुलपांमधला आश्रुबा

माझा भाचा सोमेश्वर याने आमच्या उमापूरच्या खालच्या वस्तीवर भुताचा सिनेमा काढला, तेव्हा त्या सिनेमातला एक माणूस उपाशी होता. भूत नव्हे. भूत पोटभर जेवत होतं. माझ्या बायकोच्या हातचा ठेचा तर त्याला इतका आवडला की डब्याचं झाकणसुद्धा पुसून खाल्लं. उपाशी होता तो आश्रुबा. आपल्या दोन पोरांच्या दोन कुलूपबंद घरांच्या मधे तो नऊ दिवस होता, आणि त्यातले चार दिवस आम्ही सगळे त्याच्यापासून पन्नास पावलांवर बसून भीती म्हणजे काय यावर चर्चा करत होतो. हे मी आधीच सांगून टाकतो. महत्त्वाची गोष्ट शेवटपर्यंत दडवून ठेवायची हौस मला नाही, ती सोमेश्वरला आहे.

मी धर्मराज. स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लॅमिनेशन, लग्नपत्रिका, ऑनलाइन फॉर्म, सगळं होतं. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी याच जागेवर पत्र्याच्या शेडमध्ये माझा व्हिडिओ हॉल होता. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि खाली तरटं. आसपासच्या दहा गावांना भुतं मी दाखवली. भूत म्हणजे कसं, आलं की आलेलं कळलं पाहिजे. दार करकरलं पाहिजे, वटवाघळं उडाली पाहिजेत, बाईच्या तोंडातून रक्त आलं पाहिजे. हॉलच्या दाराशी आश्रुबा बसायचा. तिकिटं तोच फाडायचा, पिऊन आलेल्याला बखोट धरून तोच बाहेर काढायचा. भुताचा सिनेमा असला की तो स्वतः मात्र बाहेर ओट्यावर जाऊन तंबाखू मळत बसायचा आणि म्हणायचा, "मालक, बाहेर बी कुनी नगं का?" हॉल बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी भर बाजारात मला मालक म्हणणारा तो एकटाच उरला होता. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सोमेश्वर माझ्या बहिणीचा मुलगा. पुण्याला जाऊन त्याने सिनेमाचा कोर्स केला आणि परत आला तो दाढी आणि जपान घेऊन. दसऱ्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भर दुपारी तो दुकानात आला, मला शटर अर्धं खाली ओढायला लावलं आणि लॅपटॉप उघडला.

"मामा, भीती म्हणजे काय ते आज बघा."

मी बघितलं. एक खोली. खोलीत एक बाई आपल्याकडे पाठ करून बसलेली. नळ गळतोय. बाई बसलेलीच आहे. मला वाटलं लॅपटॉप अडकला. मी बटण दाबायला हात पुढे केला तर सोमेश्वरने माझा हात धरला. मग एक माणूस आला, त्याने दिवा लावला, पाणी उकळलं, चहा ओतला आणि तो चहा पिऊ लागला. एवढ्या वेळात माझ्या हॉलमध्ये तीन खून आणि एक गाणं झालं असतं. अर्ध्या तासाने सोमेश्वरने पडद्याला बोट लावून मला दाखवलं की कपाटाशेजारी, अगदी कडेला, कुणीतरी उभं आहे.

"हे कधी आलं?" मी विचारलं.

"पहिल्यापासून आहे, मामा. तुम्ही बघितलं नाही."

"मग दिग्दर्शक काय हजामत करतो? त्यानं दाखवायला नको?"

"तेच तर. तो दाखवत नाही. तो नुसता कॅमेरा लावून थांबतो. भीती फ्रेमच्या कोपऱ्यात असते."

फ्रेमच्या कोपऱ्यात! मी असा धंदा केला असता तर लोकांनी मला तरटात गुंडाळून गोदावरीत सोडलं असतं. जपानी माणूस लई कष्टाळू असं ऐकून होतो, ते पटलं. एका बाईची पाठ इतका वेळ बघायला कष्टच लागतात. मी हे सगळं सोमेश्वरला तोंडावर सांगितलं, आणि त्याने मोठ्या मनाने मला माफ केल्यासारखं हसून दाखवलं. शिकलेल्या पोराचं ते हसणं मला अजिबात सहन होत नाही.

त्याला एक जागा हवी होती. "ओसाड नको, मामा. पडकं घर नको, ते सगळेच दाखवतात. मला अशी घरं पाहिजेत की वाटलं पाहिजे, माणसं आत्ता उठून गेलीत."

अशी जागा आमच्याकडे दर वर्षी आपोआप तयार होते. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाचा ट्रक येतो. नवरा, बायको, भांडी, कोंबड्या, शेळी, सगळं वर चढतं आणि घरांना कुलपं लागतात. शाळेतली पोरं हंगामी वसतिगृहात जातात. खालच्या वस्तीवर बारा घरं, त्यातली अकरा बंद. दोरीवरचं लुगडं विसरलं तर तसंच वाळत राहतं. मी सोमेश्वरला तिथे नेलं. त्याने दोन्ही हात डोक्याला लावले आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. आपल्याच गावची माणसं पोटासाठी उठून गेली, आणि हा पोरगा लॉटरी लागल्यासारखा खूश! त्याच्या आईला फोन लावून विचारावंसं वाटलं की बाई, तू याला काय खाऊ घातलंस.

गल्लीच्या टोकाला समोरासमोर दोन घरं आहेत. डावं आश्रुबाच्या थोरल्या पोराचं, अंगदचं. उजवं धाकट्याचं, बाळूचं. गोठ्याच्या भिंतीवरून दोघांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. बाप मात्र त्यांनी नीट वाटून घेतला होता. आमच्याकडे शेत वाटतात तसे आईबापही वाटतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. चार महिने एकाकडे, चार महिने दुसऱ्याकडे. अमावस्येला बारी बदलते आणि म्हातारा आपली वाकळ काखेत मारून गल्ली ओलांडतो. तोडीला जाताना ज्याची बारी असेल त्याने बापासाठी पुढची खोली उघडी ठेवायची आणि ज्वारीचं पोतं मनकर्णाबाईकडे टाकायचं. मग ती दोन वेळच्या भाकरी थापून देते. मनकर्णाबाई म्हणजे वस्तीच्या दुसऱ्या टोकाची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली म्हातारी. टोळ्या गेल्या की वस्तीवर ती आणि आश्रुबा, दोनच माणसं उरतात.

त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता, एक अधिक आणि एक निज. आषाढापासून बारी बाळूची होती. बाळूने मोजले: आषाढ, अधिक श्रावण, निज श्रावण, भाद्रपद. चार भरले. सर्वपित्रीला, म्हणजे बारी बदलायच्या दिवशी, त्याने बापाची वाकळ अंगदच्या ओसरीवर नेऊन टाकली. अंगदचं मोजणं वेगळं. अधिक महिन्यात लग्न होत नाही, वास्तुशांत होत नाही, मग तो महिना बापाच्या बारीत कसा धरायचा? त्याच्या मते बाळूची बारी दिवाळीच्या अमावस्येपर्यंत होती, आणि वाकळ आपल्या ओसरीवर आली ती म्हाताऱ्याला इकडे वारं बरं लागतं म्हणून. नवरात्र-दसऱ्याच्या गडबडीत दोन्ही घरांतून ताट येत राहिलं, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. बोलणंच बंद, तर विचारणार कोण? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक ट्रक कर्नाटकात गेला, एक सांगलीकडे, आणि दोघांनीही आपापल्या घराला कुलूप ठोकलं. पुढची खोली कुणीच उघडी ठेवली नाही. ज्वारीचं पोतं कुणीच टाकलं नाही.

हे मला सगळं नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की आश्रुबा गल्लीत उभा आहे, अंगदच्या दाराकडे तोंड करून.

"काय आश्रुबाभाऊ, गेली का पोरं?"

"गेली की मालक, कवाच."

"यंदा बारी कुनाची?"

त्याने डाव्या कुलपाकडे बघितलं, मग उजव्या कुलपाकडे बघितलं. "हाय की," तो म्हणाला.

हाय की! बारी कुणाची असं विचारल्यावर हे काय उत्तर झालं? पण तेवढ्यात सोमेश्वरने मागून माझा दंड दाबला. "मामा, हे कोण? त्यांना सांगा ना, असेच उभे राहा म्हणावं. हलू नका." आणि मी शहाण्याने आश्रुबाला तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून शूटिंग सुरू झालं. पुण्याहून तिघं आले: एक कॅमेरावाला, एक आवाजवाला आणि स्वप्ना नावाची मुलगी. स्वप्ना म्हणजे भूत. तिला पांढरी साडी नेसवून, केस तोंडावर सोडून बाळूच्या ओसरीवर उभं केलं. भर दुपारी, बारा वाजता. मी म्हटलं, दिवसाढवळ्या भूत? सोमेश्वर म्हणाला, जपानी भूत दिवसाही येतं, त्याला वेळेचं बंधन नसतं. म्हटलं, बरोबर, सरकारी नोकरी दिसते. कॅमेरा गल्लीच्या या टोकाला तिकाटण्यावर लावला आणि सगळे गप्प बसले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. कॅमेऱ्यापुढे गल्ली, दोन घरं, दोन कुलपं, एक भूत, आणि कडेला आश्रुबा.

"बाबा, तुम्ही काही करायचं नाही," सोमेश्वरने त्याला समजावलं. "नुसतं कुलपाकडे बघत उभं राहायचं."

आश्रुबाने मला हळूच विचारलं, "किती येळ मालक?"

"ते म्हनतील तवर. हललं की चितर बिघडतं त्यांचं."

तो उभा राहिला. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात काठी, धोतराचा सोगा वाऱ्याने हलेल तेवढाच. सोमेश्वर कॅमेऱ्यात बघून माझ्या कानात म्हणाला, "काय नॅचरल आहेत, मामा! पुण्यातल्या नटाला हे जमणार नाही." मी म्हटलं, उभं राहण्यात काय जमायचंय, म्हैससुद्धा उभी राहते. माझ्या या विनोदावर आवाजवाला हसला आणि तो शॉट परत घ्यावा लागला. आश्रुबाला परत उभं केलं.

दुपारी माझा डबा यायचा. वनमाला, म्हणजे माझी बायको, पाच माणसांचं करून द्यायची. घरी तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तिथं आश्रुबाभाऊ एकलेच असतील. त्यांच्या जेवनाचं कोन बघतंय?" मी म्हटलं, मनकर्णाबाई बघते, दर साल बघते. आम्ही लिंबाखाली बसायचो, भुतासकट. मी आश्रुबाला हाक मारली, नाही असं नाही. "या आश्रुबाभाऊ, दोन घास खा."

"झालंय माझं मालक. तुमी जेवा."

आता आमच्या भागात पहिल्या हाकेला पानावर येऊन बसणारा माणूस हावरट ठरतो. दुसऱ्यांदा बोलवावं लागतं, तिसऱ्यांदा उठून हात धरावा लागतो, मग समोरचा म्हणतो, बरं, तुमच्या मनासाठी घासभर. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. शिवाय पोरांच्या दारात उभ्या असलेल्या बापाने परक्याच्या डब्यातलं खाल्लं तर त्याच्या पोरांचं गावात काय नाव राहील, हे मला कळायला हवं होतं. मी एकदाच बोलवलं आणि भाकरी मोडली. त्या वेळी मी सोमेश्वरला हे सांगण्यात गुंग होतो की त्याच्या सिनेमात काहीच घडत नाही.

तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई काठी टेकत आली. मी दिसलो नसेन, आवाजावरून ओळखलं असेल. ती मोठ्याने म्हणाली, "लई ब्येस केलं बाबा, तुमी आलात. म्हाताऱ्याच्या खान्याची सोय झाली. माजी ज्वारी बी सरत आल्ती."

माझी ज्वारी, असं ती म्हणाली. पोरांनी टाकलेली नव्हे, तिची. ते वाक्य मी ऐकलं. पण आवाजवाला हातवारे करत होता, कारण शॉट चालू होता, आणि सोमेश्वरने डोळे वटारले. मी मनकर्णाबाईचा हात धरून तिला गप्प केलं आणि तिच्या घराकडे वळवून दिलं. तिला वाटत होतं आम्ही खाऊ घालतो. आम्हाला वाटत होतं ती खाऊ घालते. मधल्या मधे आश्रुबाला दिवसातून दोनदा चहा आणि दोन-दोन बिस्किटं मिळत होती, ती तो खिशात ठेवायचा. मला वाटलं नातवंडांसाठी ठेवतोय. नातवंडं वसतिगृहात होती. एवढाही विचार मी केला नाही.

चौथ्या दिवशी शेवटचा शॉट होता आणि तो सगळ्यात लांबचा होता. भुताने ओसरीवरून उतरायचं, इतकं सावकाश की उतरतंय हे कळू नये, आणि आश्रुबाच्या मागे येऊन थांबायचं. सोमेश्वरच्या मते या शॉटमध्ये सगळा अर्थ होता. मी लिंबाखाली पाठ करून भाकरी खात होतो. अर्थ मला तीन दिवस पुरला होता.

मग मागे कुणीतरी किंचाळलं. त्या सिनेमात पहिल्यांदाच कुणी किंचाळलं, आणि किंचाळलं ते भूत. मी वळून बघितलं तर आश्रुबा जमिनीवर आडवा, आणि स्वप्ना तोंडावरचे केस मागे सारून त्याचं डोकं मांडीवर घेत होती. "हे थंड पडलेत! अरे पाणी आणा!" ती ओरडत होती. आणि आमचा सोमेश्वर, पुण्याहून कोर्स करून आलेला, कॅमेरावाल्याला हाताने खूण करत होता: थांबू नको, चालू ठेव. मी त्याच्या कानशिलात दिली. पुढे त्याच्या आईने मला विचारलं, तरण्याताठ्या पोराला चारचौघांत मारायचं कावून? मी म्हटलं, एकच मारली, ते चुकलंच.

जीपमध्ये घालून गेवराईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं आणि मला बाजूला घेतलं. "आजार काही नाही. पोटात अन्न नाही. किती दिवस जेवले नाहीत?" त्यांनी आश्रुबाच्या बंडीच्या खिशातून काढलेला बिस्किटांचा चुरा माझ्या हातावर ठेवला आणि ते दुसऱ्या खाटेकडे गेले.

मी अंगदला फोन लावला. मागे उसाची सळसळ आणि कोयत्यांचा आवाज.

"काका, मला काय ठावं? बाळूची बारी हाय दिवाळीपस्तोर. अधिक म्हयना धरत नसत्यात. पंचांगात बघा तुमी."

मग बाळूला लावला.

"चार म्हयनं जेवलं म्हातारं माझ्या घरी, काका. अधिक असू नायतर निज, पोटाला कळतंय का? अंगदला म्हना, तू मोजणं चुकला आसं कबूल कर. मग बघतो मी काय करायचं ते."

दोघांनी शेवटी एकच विचारलं: काका, तुमी शिकलेलं मानूस, तुमीच सांगा, अधिक महिना धरायचा का नाही? बाप सलाइनवर आणि हे मला पंचांग विचारतायत! मी दोघांनाही अशा शिव्या घातल्या की दवाखान्यातल्या नर्सने येऊन मला बाहेर काढलं. म्हटलं, अरे हरामखोरांनो, बाप म्हणजे काय कुळाची जमीन आहे का, तारीख बघून ताबा घ्यायला? तुम्हाला महिने मोजता येतात, त्याच्या तोंडात पडलेले घास मोजता येत नाहीत? दोघंही ऐकून घेत होते, कारण फोन माझ्या बिलावर होता. यायला मात्र एकालाही जमत नव्हतं. मुकादम टोळी सोडून जाऊ देत नाही म्हणे.

संध्याकाळच्या आत आश्रुबाने डोळे उघडले. मी विचारलं, "कावून सांगितलं न्हाई, आश्रुबाभाऊ? तोंड न्हवतं का?"

"काय सांगू मालक? अंगदचं नाव घेतलं तर बाळू सुटतुय, बाळूचं घेतलं तर अंगद. दोगांचं बी मोजनं बरूबर हाय." मग तो म्हणाला, "आन् तुमी सगळे हुतात की तिथं. कुनीतरी बगत हुतं. बरं वाटत हुतं."

मी उठून व्हरांड्यात आलो. सोमेश्वर तिथे बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, गाल अजून लाल. म्हणाला, "मामा, सगळं डिलीट करतो."

"आधी दाखव," मी म्हटलं.

त्याने चौथ्या दिवसाचा तो लांबलचक शॉट लावला. चौदा मिनिटं. मी त्याला पुढे ढकल म्हटलं नाही. गल्ली, दोन कुलपं. आश्रुबा डाव्या कुलपाकडे बघतो. बऱ्याच वेळाने उजव्या कुलपाकडे बघतो. काठी एकदा घसरते, तो सावरतो. मग खिशातून काहीतरी काढून तोंडापर्यंत नेतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि न खाता परत खिशात ठेवतो, कारण हलायचं नाही असं त्याला सांगितलेलं आहे. मागे पांढऱ्या साडीतली ती मुलगी ओसरीवरून उतरते आहे, पण तिच्याकडे कोण बघतो. इतकी वर्षं भुताखेतांचे सिनेमे लोकांना दाखवले, कधी अंगावर काटा आला नव्हता, तो त्या व्हरांड्यात आला. मी सोमेश्वरला म्हणणार होतो की बंद कर, एवढ्यात मला पडद्याच्या डाव्या कडेला लिंबाचं खोड दिसलं आणि खोडाशेजारी एक पाठ दिसली. बनियन घातलेली, रुंद, जेवताना हलणारी पाठ. आश्रुबा त्या पाठीकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. पाठ भाकरी मोडत होती.

"ही कडेची फ्रेम मी कापणार होतो," सोमेश्वर म्हणाला. "तुम्ही मधे येत होता."

"कापू नकोस," मी म्हटलं. "डिलीट बी करू नकोस. दोन्ही पोरांना पाठव."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सोडताना मी कागदावर सही केली. नात्याच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना, म्हणून "गाववाले" लिहिलं. त्याआधी वनमालाला फोन केला होता. तिने नाही म्हटलं नाही, ती कधीच म्हणत नाही. एवढंच विचारलं, पुढच्या खोलीत झेरॉक्सचे कागद आहेत ते कुठे ठेवू. वाटेत जीपमध्ये मी ड्रायव्हरला अंगद आणि बाळूची सगळी गोष्ट सांगितली, शिव्यांसकट. ड्रायव्हरही म्हणाला, काय पोरं निघाली, साहेब. मला बरं वाटलं. आश्रुबा खिडकीबाहेर बघत होता, वाकळ मांडीवर घेऊन. ती वाकळ सोमेश्वरने अंगदच्या ओसरीवरून आणून दिली होती.

घरी वनमालाने भाकरी दुधात कुस्करून दिली. या वेळी मी तीनदा म्हटलं, हात धरून पाटावर बसवलं. तो सगळं जेवला, हात धुतला, धोतराला पुसला आणि पुढच्या खोलीच्या दाराशी जाऊन थांबला. खोलीत खाट टाकली होती, उशाला पाण्याचा तांब्या होता. तो आत जाईना.

"जा की आश्रुबाभाऊ, पडा निवांत," मी म्हटलं.

"जातो मालक." त्याने खाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आवाजात काही राग नव्हता, काही नव्हतं. जागा दाखवल्यावर माणूस विचारतो तसं त्याने विचारलं, "तुमच्याकडं किती म्हयनं?"

वनमालाने माझ्याकडे बघितलं. दवाखान्यातून फोन केला तेव्हा तिने हो म्हणायच्या आधीच मी तिला सांगितलं होतं, शिमग्याला टोळ्या परत येतात, पाच महिन्यांचाच प्रश्न आहे. मी बोटांवर मोजून सांगितलं होतं. आता तो वाकळ काखेत धरून उंबऱ्याच्या बाहेर उत्तराची वाट बघत उभाच होता.